पुंगळीची मान का तडकली? : पितळाची एक गोष्ट



धातूंचे गुणधर्म शिकवताना आपण सगळेच फळ्यावर दोन शब्द लिहितो : वर्धनीयता आणि तन्यता. ठोकून पत्रा होतो ती वर्धनीयता, ओढून तार होते ती तन्यता. मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात, विषय संपतो. मागच्या पावसाळ्यात मात्र माझ्या वर्गात हा विषय तिथे संपला नाही.

तास चालू असताना मागच्या बाकावर काहीतरी खुळखुळलं. एका मुलाच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता आणि जुडग्याला अडकवलेली एक पितळी पुंगळी. पुंगळी म्हणजे रायफलच्या काडतुसाचं रिकामं कवच. त्याचे आजोबा फौजेतून निवृत्त झालेले. किती वर्षांपासून ही पुंगळी त्यांच्या गोठ्याच्या किल्लीला लटकलेली होती. मी ती हातात घेतली. बाटलीसारखा आकार, वर निमुळती मान, आणि त्या मानेवर उभी, केसाएवढी बारीक चीर.

"सर, ही चीर आधी नव्हती. आजोबा म्हणतात, गोळी झाडली तेव्हा पुंगळी धड होती. मग घरात लटकून लटकून फुटली कशी?"

शेजारचा लगेच म्हणाला, "सर, मी व्हिडिओत बघितलंय. बाहेरच्या देशात एका बंदुकीची पुंगळी दाबून दुसऱ्या बंदुकीची करतात. तिचीपण मान अशीच फाटते. खरं असतं का ते?"

दोन प्रश्न, आणि दोन्हीचं उत्तर एकाच ठिकाणी दडलेलं. त्या तासाला मला पूर्ण उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचलं, जुन्या वह्या चाळल्या, आणि पुढच्या आठवड्यात दोन तास यावरच घेतले. तेच इथे मांडतो आहे.

आधी, पुंगळीचं काम काय?

काडतुसाचे चार भाग असतात. पुढे गोळी, आत दारू, मागे ठिणगी देणारी टोपी, आणि हे सगळं एकत्र धरून ठेवणारी पुंगळी. बाटलीच्या आकाराच्या पुंगळीला आपण बूड, अंग, खांदा आणि मान असे शब्द वापरू. गोळी मानेत बसवलेली असते.

मुलांना वाटतं पुंगळी म्हणजे नुसता डबा. तसं नाही. दारू पेटली की आत प्रचंड दाब तयार होतो. ७.६२ मिमीच्या लष्करी रायफलमध्ये हा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ४००० पट असतो. त्या क्षणी पुंगळीचं पातळ पितळ फुगतं आणि नळीच्या मागच्या पोलादी खोलीला आतून घट्ट चिकटतं. त्यामुळे गरम वायू मागे, म्हणजे झाडणाऱ्याच्या तोंडावर येत नाही. कुकरची रिंग जे काम करते तेच. गोळी बाहेर पडली, दाब उतरला, की पितळ किंचित आक्रसतं आणि पुंगळी सहज बाहेर निघते.

आता गंमत बघा. पितळ फार मऊ असेल तर ते फुगेल पण मागे येणार नाही, पुंगळी आतच अडकेल. फार कडक असेल तर फुगताना तडकेल. म्हणून एकाच पुंगळीत बूड कडक आणि मान मऊ ठेवावी लागते. एकच धातू, एकच संमिश्र (७०% तांबं आणि ३०% जस्त), तरी दोन टोकांना स्वभाव वेगळा. हे कसं जमतं?

ठोकलं की कडक, तापवलं की मऊ

पुण्यातली तांबट आळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या कानात तो टाक-टाक आवाज अजून असेल. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने ओळीने ठोके मारतात त्याला मठारणं म्हणतात. आपल्याला वाटतं ती नक्षी आहे. नक्षी आहेच, पण ठोक्यांनी भांडं कडकही होतं. आणि आकार देताना तांबं फारच ताठ झालं, की तांबट ते भट्टीत तापवून पुन्हा नरम करून घेतो. शाळेत न जाता शिकलेलं धातुविज्ञान!

असं का होतं, हे मी वर्गात सतरंजीवरून समजावलं. मोठी सतरंजी जमिनीवरून ओढायला जड जाते. पण एका कडेला एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेली, की सतरंजी सहज सरकते. धातूच्या स्फटिकांत अणूंचे थर असतात आणि या थरांतही अशा 'सुरकुत्या' असतात. आपण धातू वाकवतो तेव्हा या सुरकुत्या सरकतात, म्हणून धातू न तुटता वाकतो. पण ठोकत गेलो, वाकवत गेलो, की नव्या नव्या सुरकुत्या पडतात आणि एकमेकींत अडकतात. मग सतरंजी हलेना! धातू कडक झाला. आणखी जोर केला तर फाटणार.

तापवलं की अणूंना हलायला ऊर्जा मिळते. जुन्या, गुंतलेल्या स्फटिकांच्या जागी नवे, स्वच्छ स्फटिक तयार होतात. जणू सतरंजी झटकून पुन्हा अंथरली. धातू वितळवायची गरज नाही, तापवणं पुरतं.

कारखान्यात पुंगळी अशीच बनते. पितळाच्या चकतीची वाटी, वाटी ओढून लांब पेला, पेला ओढून नळी. प्रत्येक ओढणीनंतर पितळ कडक होतं, म्हणून मध्ये मध्ये तापवून मऊ करतात. बूड दाबून घडवतात आणि ते कडकच राहू देतात. मान शेवटी अरुंद करतात आणि तेवढीच मान पुन्हा तापवतात. नव्या लष्करी काडतुसाच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसते ती या तापवण्याचीच खूण. आपल्या महाराष्ट्रात पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि जळगाव जिल्ह्यात वरणगावलाही आहे.

एका पुंगळीतून दुसरी : हे खरंच होतं का?

होय, होतं. आणि ही काही आजची युक्ती नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेत स्नायडर रायफल होती. तिचा बोअर ०.५७७ इंच, म्हणजे सुमारे १४.७ मिमी. १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री रायफल आली, बोअर ०.४५० इंच, म्हणजे सुमारे ११.४ मिमी. नवी पुंगळी सरळ आणि बारीक केली तर फार लांब होत होती. मग जुन्या रुंद पुंगळीचंच बूड ठेवून मान ०.४५० ला अरुंद केली. काडतूस आखूड झालं, दारूही मावली. नावही तसंच पडलं : ५७७/४५०. पहिला आकडा आईचा, दुसरा लेकराचा!

इतिहासाच्या शिक्षकांसाठी एक दुवा देतो. १८८० मध्ये अफगाणिस्तानात मैवंदची लढाई झाली. तिथे ब्रिटिशांच्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होत्या, तर मुंबई फौजेतल्या देशी पलटणींकडे जुन्या स्नायडर. १८५७ नंतर देशी शिपायाला एक पिढी मागचं हत्यार देण्याचं धोरणच होतं. एका रणांगणावर आई आणि लेकरू, दोन्ही काडतुसं हजर, आणि एकाचं दुसऱ्याला चालणारं नाही.

पुढे १९०७ मध्ये इंग्रज सरकारने भारतात आणि सुदानमध्ये ०.४५० बोअरवर बंदी आणली. मार्टिनी-हेन्री बंदुका बंडखोरांच्या हाती होत्या, त्यांना दारूगोळा मिळू नये हा हेतू. पण वाघ-हत्तींच्या शिकारीला येणाऱ्या साहेबांना मोठी रायफल हवीच होती. मग बंदूक बनवणाऱ्यांनी काय केलं? ०.५०० ची पुंगळी घेऊन तिची मान ०.४६५ ला आवळली. झालं ५००/४६५, आणि कायद्याच्या आकड्याबाहेर. आकडा बदलला, बूड तेच.

आजच्या काळातलं सोपं उदाहरण म्हणजे ०.३०८ विंचेस्टर. हे काडतूस १९५२ मध्ये आलं. त्याचीच मान आवळून १९५५ मध्ये ०.२४३ विंचेस्टर आलं. गोळीचा व्यास ७.८२ मिमीवरून ६.१७ मिमीवर, पण बूड आणि अंग जवळजवळ तसंच.

आणि आपल्या विद्यार्थ्याने व्हिडिओत पाहिलं ते? काही देशांत हौशी लोक, तिथल्या कायद्याच्या चौकटीत, जुन्या बंदुका जपतात. त्या बंदुकांची काडतुसं बाजारात मिळणं मुश्कील. मग बूड जुळणारी दुसरी पुंगळी शोधून ती पोलादी साच्यात दाबून नवा आकार देतात. मार्टिनी-हेन्रीसाठी २४ बोअरच्या पितळी छर्‍याच्या काडतुसांची कवचं वापरतात.

काय बदलतं, काय बदलत नाही

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मुलांना मी तीन मुद्दे दिले.

१. *बूड बदलत नाही.* बूड जाड आणि कडक असतं, बंदूक त्यालाच धरते. म्हणून आई निवडताना बूड जुळलं पाहिजे. मान, खांदा, लांबी हे बदलता येतं.

२. *पितळ कुठे जात नाही.* मान अरुंद केली म्हणजे पितळ नाहीसं झालं का? नाही. ते जाडीत जातं. इथे गणिताचा तास जोडा. समजा मानेचा सरासरी व्यास ८ मिमी आणि जाडी ०.४ मिमी. व्यास ६.४ मिमी केला आणि लांबी तेवढीच राहिली, तर जाडी किती? व्यास गुणिले जाडी कायम राहते : ८ × ०.४ = ३.२, म्हणून नवी जाडी ३.२ ÷ ६.४ = ०.५ मिमी. प्रत्यक्षात थोडं पितळ लांबीतही जातं. पण ०.१ मिमीचा हा फरक जीवघेणा ठरू शकतो. मान जाड झाली की तिला फुगून गोळी सोडायला जागा उरत नाही आणि आतला दाब बेसुमार वाढतो. उलट मान रुंद केली तर पितळ पातळ होतं आणि फाटतं.

३. *प्रत्येक दाबण्याची नोंद पितळात राहते.* मान दाबली की ती कडक झाली. पुन्हा दाबली, आणखी कडक. मध्ये तापवून मऊ केली नाही तर बाहेरून चकचकीत, मापात अचूक, आणि तरी पहिल्याच वेळी उभी फाटणारी. आणि बूड चुकून तापलं तर? मग त्याहून वाईट. जिथे कडकपणा हवा तिथेच पितळ मऊ पडतं.

आणखी एक बारीक गोष्ट. पुंगळीच्या बुडावर तिचं माप कोरलेलं असतं. आकार बदलला तरी ते नाव जुनंच राहतं. नाव वाचून कोणी ती चुकीच्या बंदुकीत घातली तर अपघात. म्हणून जाणकार लोक अशा पुंगळ्या वेगळ्या, चिठ्ठी लावून ठेवतात.

मग आजोबांच्या पुंगळीचं काय झालं?

ती तर कोणी दाबली नव्हती. साधी एकदा झाडलेली पुंगळी. इथे आपल्याला पुन्हा इंग्रजांच्या काळात जावं लागतं.

भारतातल्या ब्रिटिश फौजेला एक कोडं पडलं होतं. पावसाळ्यात काडतुसं तबेल्यात ठेवली की त्यांच्या पुंगळ्या आपोआप तडकायच्या. न झाडता, न आपटता. ऋतूत होणारी तडक म्हणून तिला 'सीझन क्रॅकिंग' म्हणू लागले. आधी वाटलं पितळच खराब. पण तसलंच पितळ दुसरीकडे वर्षानुवर्षं टिकत होतं. शेवटी १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी उलगडा केला. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटतो. पावसाळ्याच्या दमट हवेत तो पितळावर बसतो आणि स्फटिकांच्या सांध्यांतलं तांबं विरघळवू लागतो. पण एवढ्याने चीर पडत नाही. पुंगळी घडवताना दाबली-ओढली, त्यातला ताण पितळात अडकून राहिलेला असतो. सांधा कमजोर झाला की तोच ताण त्याला आतून फाडतो.

फळ्यावर मी तीन गोल काढले :

- ताण अडकलेलं पितळ
- अमोनिया
- ओलावा

तिन्ही एकत्र आले तर तडक. एक काढून टाका, तडक नाही. आग लागण्याचा त्रिकोण आपण शिकवतो ना, तसाच. उपायही यातूनच निघाला : पुंगळ्या घडवून झाल्यावर हलक्या आचेवर तापवायच्या म्हणजे ताण उतरतो आणि कडकपणा टिकतो, आणि साठा तबेल्यापासून लांब ठेवायचा.

मी त्या मुलाला विचारलं, "अरे, ही किल्ली लटकते कुठे?"

"गोठ्यात, सर. दावणीच्या वरच्या खुंटीला."

सगळा वर्ग हसला, पण उत्तर त्यांचं त्यांनाच मिळालं होतं. झाडताना फुगलेली, मानेत ताण राहिलेली पुंगळी, खाली गोमूत्र, आणि आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस. प्रयोगशाळेत तपासली नाही, तेव्हा छातीठोक सांगता येणार नाही. पण तिन्ही गोल भरलेले होते.

पालकांसाठी, विशेषतः शेतकरी पालकांसाठी

हे फक्त काडतुसांचं नाही. फवारणी पंपाचं पितळी नोझल, पितळी कॉक, कडी-कुलूप, पाण्याच्या पाइपाचे जोड हे सगळे दाबून किंवा घट्ट आवळून बसवलेले असतात, म्हणजे ताण आहेच. ते गोठ्यात, कोंबड्यांच्या खुराड्याजवळ किंवा भिजलेल्या युरियाच्या पोत्याशेजारी ठेवू नका. विनाकारण चिरलेलं नोझल दिसलं तर दुकानदाराला दोष देण्याआधी ते कुठे ठेवलं होतं ते आठवा.

करून पाहा : तांब्याची तार

साहित्य : वायरमनकडून १.५ ते २ मिमी जाडीची एकेरी तांब्याची तार, पक्कड, चिमटा, बर्नर, पाण्याचं भांडं. तारेवरचं प्लॅस्टिक पूर्ण सोलून घ्या. पितळ तापवू नका, जास्त तापलं तर जस्ताचा धूर निघतो. तापवण्याचं काम शिक्षकांनीच करावं.

१. १५ सेंमीचा तुकडा घेऊन मधोमध वाकवा आणि पुन्हा सरळ करा. वाकलेल्या जागी थोडा उंचवटा राहतोच. तार तिथे सरळ व्हायला तयार नसते, शेजारीच वाकते. का? तिथे ती कडक झाली.

२. दुसरा तुकडा एकाच जागी उलटसुलट वाकवत राहा. कितव्यांदा तुटला ते लिहा.

३. तिसरा तुकडा त्याच्या निम्म्या वेळा वाकवा. मग ती जागा मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात बुडवा. आता पुन्हा वाकवत मोजा.

तिसरा तुकडा एकूण जास्त वेळा वाकतो. शेवटी मुलांना विचारा : लोहाराने तापलेला विळा पाण्यात बुडवला तर तो कडक होतो, मग तांबं पाण्यात बुडवूनही मऊ कसं? पोलादातल्या कार्बनमुळे तिथे वेगळीच घडामोड होते, तांब्यात ती होत नाही. या प्रश्नावर माझ्या वर्गात पंधरा मिनिटं वाद झाला. पाठांतराने असा वाद होत नाही.

एक सूचना, ही वाचल्याशिवाय प्रयोग करू नका

प्रयोग तारेवरच करायचा, पुंगळीवर नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे आणि काडतुसाचे सुटे भागसुद्धा 'दारूगोळा' या व्याख्येत येतात. ज्यांची मुलं एनसीसीत आहेत त्यांनाही सांगतो. फायरिंगनंतर रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घेतात ते उगाच नाही. खिशात एखादी 'आठवण' आणू नये. सराव मैदानाजवळ मुलांना कुठलीही धातूची वस्तू सापडली तर तिला हात न लावता मोठ्यांना आणि पोलिसांना सांगायचं. ती रिकामीच आहे हे मुलाला डोळ्यांनी कळत नाही.

मी तो जुडगा त्याच दिवशी वहीत नोंद करून पालकांच्या हाती दिला. न्यायला आजोबा स्वतः आले होते. मी त्यांना तीन गोल काढून दाखवले. त्यांनी चीर नखाने चाचपली आणि म्हणाले, "म्हणजे सर, गोळी सुटली तेव्हाच हिच्या मानेला दुखणं लागलं होतं. आमाला दिसलं आत्ता."

पुढच्या वर्षी तन्यता शिकवताना व्याख्येच्या आधी मी हेच वाक्य सांगणार आहे. तुमच्या वर्गात तारेचा प्रयोग केलात तर मुलांचे आकडे जरूर कळवा.